डीएल-१०३चे हरवलेले तीन डेसिबल सापडले

सापडले एकदाचे! डेनॉन डीएल-१०३ ही कार्ट्रिज (रेकॉर्डच्या खाचेतून सुईने सिग्नल काढणारा भाग) हिशेबापेक्षा दबकी वाजते, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. त्याचं कारण हाती लागलंय.

हिशेब पुन्हा मांडतो. ऑर्टोफॉन टूएम रेड या दुसऱ्या कार्ट्रिजचं आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट, १०३चं ०.३. फरक सुमारे २५ डेसिबल. फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे वाढ, एमएमला (हलत्या चुंबकाच्या, रेडसारख्या कार्ट्रिजला) ४० आणि एमसीला (हलत्या कॉइलच्या, १०३सारख्या कार्ट्रिजला) ६० डेसिबल, म्हणजे वीस तिथेच भरून निघतात. उरायला हवेत पाच, पण दिसत होते आठ! दोन्ही चॅनल सारखेच खाली, त्यामुळे हेडशेलच्या (कार्ट्रिज जिथे बसते त्या तुकड्याच्या) तारा आणि अझिमथ (सुईचा डावी-उजवीकडचा कल) यांच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

मग मोजणीचा वेग, म्हणजे सुई खाचेत किती वेगाने हलत असताना मिलिव्होल्ट मोजले ते, तपासला. तोच आकडा ५ऐवजी ३.५४ सेंमी प्रति सेकंदाला मोजला की ३ डेसिबलने कमी येतो, त्यामुळे हाच चोर असेल असं फार वाटत होतं. पण दोन्ही कंपन्यांचे आकडे ५चेच आहेत. (वेग न देता नुसते मिलिव्होल्ट छापणाऱ्या विक्रेत्याकडून मी कार्ट्रिज घेत नाही. त्या आकड्यावरून काहीच ताडता येत नाही.)

उरलं लोडिंग, म्हणजे फोनो स्टेज कार्ट्रिजसमोर जो रोध (लोड) ठेवतो तो. १०३चा स्वतःचा रोध ४० ओहम, माझा लोड १०० ओहम. दोघे मिळून व्होल्टेज वाटून घेतात, स्टेजपर्यंत १४०पैकी १००च भाग पोचतात. म्हणजे २.९ डेसिबल कॉइलमध्येच जिरले! लोड बदलणारे १००० ओहमचे प्लग लावले, सुई चाचणी रेकॉर्डच्या १ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर टेकवली, आणि साउंड कार्डावरची पातळी २.६ डेसिबलने वर गेली. कागदावरही तेवढंच येतं. फार आनंद झाला. ही मोजणी साध्या मल्टिमीटरवर करू नका, पुष्कळ मीटरांची एसी रेंज ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाची नसते.

याच पद्धतीने ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही आणखी एक कार्ट्रिज आणि रेडही समपातळीवर आणल्या. ४ आणि ५.५ मिलिव्होल्ट, फरक २.८ डेसिबल. तेवढा काढून टाकल्यावर रेडचा ‘जिवंतपणा’ बहुतेक ओसरला, झांजा तेवढ्या किंचित उजळ राहिल्या. पातळी न जुळवता केलेल्या तुलनांवर माझा आता अजिबात विश्वास नाही.

१००० ओहमवर १०३चे उंच सूर असलेला वरचा पट्टा मात्र जरा मोकाट सुटतो. म्हणून जास्त गेनचा नवा स्टेज घेऊन १००वर परतायचं ठरवत होतो. पण हे लिहिताना सुचलं: एकास दहाचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज दहापट करणारा) लावून स्टेजच्या एमएम इनपुटला दिलं तर? त्या इनपुटचे ४७ किलोओहम दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभराने, भागले जाऊन कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतील, तोटा जेमतेम ०.७ डेसिबल, आणि एमसी स्टेजची सळसळही टळेल. लोडही मधला, मला हवा तसा. नवा स्टेज रद्द! १०३ला एकास दहा लावून वाजवणाऱ्यांनी एवढं सांगा, गुणगुण येऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मर मोटरपासून किती लांब ठेवलात?