बनलता सेनच्या पलीकडचे जीवनानंद

बंगाली कवी म्हटलं की आपली गाडी रवींद्रनाथांच्या पुढे जातच नाही. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू घराघरात पोचले, पुलं पन्नाशी उलटल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकून आले आणि वर 'वंगचित्रे' लिहिलं, पण जीवनानंद दास हे नाव आपल्याकडे घेतलं तर दहातले नऊ जण म्हणतील, कोण? आणि तिकडे बंगालात, म्हणजे दोन्ही बंगालांत हं, रवींद्रनाथांनंतरचा सगळ्यात मोठा कवी कोण असं विचारलं तर बहुतेक लोक हेच नाव सांगतात, फार तर काझी नझरुलवरून थोडी वादावादी होईल.

मी नागपूरकडचा, त्यामुळे त्यांची 'बनलता सेन' पहिल्यांदा वाचताना मी अडकलो तो भलत्याच जागी. एक माणूस हजारो वर्षं पृथ्वीवर चालतोय, सिंहलच्या समुद्रापासून रात्रीच्या अंधारात मलयच्या सागरापर्यंत, बिंबिसार-अशोकाच्या धूसर जगात, आणि त्याहून दूर, अंधाऱ्या विदर्भ नगरात. विदर्भ! पूर्व बंगालातल्या बरिसालच्या माणसाला तिथे बसून आमचा विदर्भ आठवला. मग हा थकलेला जीव शेवटी येऊन टेकतो नाटोरच्या बनलता सेनपाशी, नाटोर म्हणजे राजशाहीकडचं एक साधंसं गाव, आणि ती पक्ष्याच्या घरट्यासारखे डोळे वर करून विचारते की इतके दिवस होतात कुठे. 1935 मध्ये 'कविता' त्रैमासिकात आली ही, आणि 1942 मध्ये त्याचे संपादक, कवी बुद्धदेव बसूंनी 'एक पैशाला एक' मालिकेत याच नावाची 12 कवितांची बारकीशी पुस्तिका काढली. आता ही कविता बंगाली माणसाला झोपेतून उठवलं तरी पाठ असते.

पण माझी तक्रार इथूनच सुरू होते. या एका कवितेमुळे जीवनानंदांचा पार प्रेमकवी करून टाकलाय लोकांनी, आणि जे प्रेमकवी म्हणत नाहीत ते निसर्गकवी म्हणतात, धानाची शेतं, धुकं, घुबडं, हेमंत ऋतू वगैरे. मला विचाराल तर हा माणूस आधी बेकारीचा कवी आहे. नोकरी नसलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, घरात आणि बाहेर दोन्हीकडे ओशाळून वावरणाऱ्या माणसाचा. ती शेतं आणि ते धुकंसुद्धा याच माणसाला दिसतंय हे विसरलं की त्या कविता नुसत्या कॅलेंडरवरच्या चित्रासारख्या वाटायला लागतात.

जन्म 17 फेब्रुवारी 1899, बरिसाल, आता बांगलादेशात. घर ब्राह्मो समाजाचं, वडील शाळेत शिक्षक, आई कुसुमकुमारी स्वतः कवयित्री, आणि तिची एक कविता अजून बंगाली पोरं शाळेत घोकतात, आपल्या देशात तो मुलगा कधी जन्माला येणार जो बोलून नव्हे तर काम करून मोठा होईल, अशा अर्थाची. आता या बाईंचा स्वतःचा मुलगा बोलण्यात तर कच्चा होताच, लाजाळू, चारचौघांत घाम फुटणारा, पण व्यवहारी अर्थाने 'काम' म्हणावं तर तिथेही सगळा आनंद. प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए., मग 1921 मध्ये एम.ए., तेही सेकंड क्लास. 1922 मध्ये कलकत्त्याच्या सिटी कॉलेजात लागले शिकवायला, 1928 मध्ये नोकरी गेली.

ही नोकरी जाण्याची गोष्ट बघण्यासारखी आहे. बरीच वर्षं सांगितलं जायचं की अश्लील कविता लिहिली म्हणून काढलं. तसं काही नव्हतं. कॉलेज ब्राह्मोंचं, म्हणजे मूर्तिपूजा नाही, आणि हॉस्टेलच्या पोरांना करायची होती सरस्वती पूजा. संस्था अडून बसली, पोरं भडकली, प्रकरण शहरभर गाजलं, कितीतरी विद्यार्थी कॉलेज सोडून गेले, फी कमी झाली, आणि पैसे पुरेनात म्हटल्यावर गंडांतर आलं ज्युनिअर मास्तरांवर. म्हणजे भांडण देवीचं आणि नोकरी गेली कवीची. ती देवी परत विद्येची, हे वेगळंच.

त्यानंतर दिल्लीला रामजस कॉलेजात काही महिने, मग 1930 च्या मे महिन्यात ढाक्याला लावण्य यांच्याशी लग्न, आणि दिल्लीची नोकरीही सुटली. पुढची जवळजवळ पाच वर्षं धड नोकरी नाही. शिकवण्या, विम्याची एजंटगिरी, उसन्या पैशावर धंद्याचा प्रयत्न, सगळं करून झालं. बायको, लहान मुलगी, आणि हा एम.ए. झालेला माणूस बरिसालच्या घरात बसलेला. लोक काय म्हणत असतील ते आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडेही तेच म्हणतात.

आणि याच काळात, 1934 च्या सुमाराला, त्याने एक वही भरून सुनीतं लिहिली. धानसिडी नदी, शंखचील म्हणजे ती तांबडी-पांढरी घार, साळुंक्या, कार्तिकातल्या धुक्यातला पहाटेचा कावळा. मी मेल्यावर इथेच परत येईन, माणूस म्हणून नाही आलो तर पक्षी होऊन येईन, नाहीतर एखाद्या पोरीचं पायात घुंगरू बांधलेलं बदक होऊन येईन. बदक! मोक्ष नको, स्वर्ग नको, बरिसालच्या तळ्यात पोहायला मिळालं तरी चालेल. ज्याला या जन्मात कुठे जागा मिळत नाहीये तो पुढच्या जन्मासाठी अर्ज भरतोय असं मला ते वाचताना वाटतं. ती वही त्याने छापलीच नाही, आयुष्यभर तशीच ठेवून दिली. तो गेल्यावर 1957 मध्ये 'रूपसी बांग्ला' नावाने ती आली, आणि 1971 च्या बांगलादेश मुक्तियुद्धात त्याच कविता लोकांच्या तोंडी होत्या. बेकार माणसाची लपवलेली वही एका देशाच्या कामी आली की.

बरं, टीकाकार काय करत होते? रवींद्रनाथांनी तरुण जीवनानंदांना पत्रात लिहिलेलं की तुझ्यात कवित्वशक्ती आहे यात शंकाच नाही, पण भाषेवर इतकी जबरदस्ती का करतोस ते कळत नाही. या लाजाळू पोराने काय करावं, तर गुरुदेवांना लांबलचक पत्र लिहून वाद घातला! (हा प्रसंग मला जाम आवडतो.) 'शनिवारेर चिठी' नियतकालिकाचे सजनीकांत दास तर अंकामागून अंक ओळी काढून काढून खिल्ली उडवायचे. 1932 मध्ये 'कॅम्पे' म्हणून कविता आली, जंगलात शिकारी लोक पाळीव हरिणीची हाक वापरून हरणांना जाळ्यात ओढतात त्यावर, तर तीही अश्लील ठरली. आपल्याकडे मर्ढेकरांवर खटला भरला गेला, तिथे खटला नव्हता पण जोडे रोजचेच. पाठीशी ठाम उभे राहिले ते बुद्धदेव बसू, त्यांनीच यांना सगळ्यात एकाकी कवी म्हटलं आणि तो शिक्का कायमचा बसला.

आता माझी सगळ्यात आवडती कविता, 'आठ वर्षांपूर्वीचा एक दिवस'. फाल्गुनातली रात्र, पंचमीचा चंद्र मावळलाय, आणि एक माणूस हातात दोरी घेऊन एकटाच पिंपळाकडे निघालाय. शेजारी बायको झोपलेली होती, मूलही होतं. प्रेमभंग नाही, उपासमार नाही, बायकोनेही काही कमी केलेलं नाही, कवी एकेक कारण काढून बाजूला ठेवतो. आणि आजूबाजूला सगळं जग जगायला हपापलेलं, म्हातारा बेडूक अजून दोन क्षण मागतोय, मच्छरदाणीबाहेर डास घोंघावतोय कारण त्यालाही जगणं प्रिय आहे. आणि ते थरथरतं आंधळं घुबड! चंद्र बुडाला वाटतं, छान झालं, चला आता एकदोन उंदीर पकडू, असं म्हणतं. मग उरतं काय? तर कवी म्हणतो की पैसा नाही, कीर्ती नाही, सुखवस्तूपणा नाही, आपल्या रक्तात अजून एक धोक्यातलं आश्चर्य खेळत असतं, तेच आपल्याला थकवतं, आणि पोस्टमॉर्टेमच्या खोलीत तो थकवा नसतो. एवढं वाचल्यावर कोणी यांना निसर्गकवी म्हणून दाखवावं. आणि गंमत म्हणजे कविता संपते ती घुबडाच्या बाजूने, मीही तुझ्यासारखाच म्हातारा होईन, दोघं मिळून आयुष्याचं भांडार रिकामं करून जाऊ, असं म्हणत.

1935 मध्ये बरिसालच्या बी.एम. कॉलेजात नोकरी लागली, ती बरी चालली, पण फाळणीच्या आधी कलकत्त्याला आले आणि बरिसाल कायमचं सुटलं. 1946 च्या दंग्यांवरची त्यांची कविता वाचा, रक्ताच्या नदीतून एकेक जण नाव सांगत येतो, यासीन, हनीफ, मकबूल, करीम, आणि तिकडून गगन, बिपिन, शशी, आणि मग नुसती मोहल्ल्यांची नावं, माणिकतला, श्यामबाजार, एंटाली. 'रात्री' कवितेत एक कुष्ठरोगी रस्त्यावरचा हायड्रंट उघडून पाणी चाटतो. हा असा कलकत्ता त्यांच्या आधी बंगाली कवितेत कुणी आणला होता मला माहीत नाही. पोटापाण्याचं मात्र परत तेच, एका वर्तमानपत्रात काही महिने, मग खरगपूर, मग बडिशा, शेवटी हावडा गर्ल्स कॉलेज. लान्सडाउन रोडवरच्या घरातली एक खोली भाडं भागावं म्हणून एका पोटभाडेकरू बाईला दिली तर तिथे संध्याकाळी इतका गोंधळ की यांना लिहिता येईना, आणि तिला घालवताही येईना. शहरात राहणाऱ्या कुणालाही ही घालमेल समजेल.

14 ऑक्टोबर 1954 ला संध्याकाळी रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर, देशप्रिय पार्कजवळ, ट्रामने उडवलं. आदल्याच दिवशी रेडिओवर कविता वाचली होती. ट्राम काय वेगाने येते, तिच्याखाली कोण कसा सापडेल, त्यामुळे आत्महत्या होती का यावर अजून लोक बोलतात, वरची कविता पुरावा म्हणून काढतात. मला हे बरोबर वाटत नाही, कविता म्हणजे पोलिसांना दिलेला जबाब नाही. शंभुनाथ पंडित हॉस्पिटलात आठ दिवस काढले आणि 22 ऑक्टोबरला गेले. तिथे सजनीकांत, हो तेच खिल्ली उडवणारे, त्यांच्यासाठी धावपळ करत होते, मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय बघून गेले ते त्यांच्याच शब्दावर असं सांगतात. पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार, 'श्रेष्ठ कविता'ला.

आणि मग निघाल्या ट्रंका. वीसेक कादंबऱ्या, शंभराहून जास्त कथा, डायऱ्या, आणि हयातीत यातलं जवळपास काहीच छापलेलं नाही! लोकांना माहीतच नव्हतं की हा माणूस गद्य लिहितो. हॉस्पिटलात शुश्रूषा करणाऱ्या पोरांत भूमेंद्र गुह नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता, पुढे हृदयशस्त्रक्रियेतला मोठा सर्जन झाला, त्याने आयुष्यभर ते बारीक, गिचमिड अक्षर लावत लावत ही पानं बाहेर काढली. यातली 'माल्यवान' कादंबरी 1948 मध्ये लिहून झालेली, छापली 1973 मध्ये. एक ऑफिसातला माणूस, रात्री अंथरुणात पडल्यावर त्याला आठवतं की अरे आज आपला बेचाळिसावा वाढदिवस. बायको-मुलगी वरच्या मजल्यावर, हा खालच्या खोलीत, वरच्या बाथरूममध्ये अंघोळ केलेलीही बायकोला चालत नाही, आणि तिच्या माहेरचे पाहुणे आले की हा जातो मेसमध्ये राहायला. लावण्यबाईंना ती छापायला नको होती, आणि मी त्यांना दोष देणार नाही. नवरा गेल्यावर घरी जमलेले मोठमोठे साहित्यिक बघून त्या म्हणाल्या होत्या म्हणे, की बंगाली साहित्यासाठी त्याने बरंच ठेवलं असेल, माझ्यासाठी काय ठेवलं ते सांगा. त्या बाईंची बाजू कुणीतरी नीट लिहायला हवी खरं तर.

वाचायला सुरुवात करायची तर हिंदी-इंग्रजीत बऱ्यापैकी मिळतं, बंगाली लिपी शिकलात तर उत्तमच, आपल्याला ती फार जड जात नाही. फक्त 'बनलता सेन'पासून सुरू करू नका. आधी घुबडवाली वाचा, मग 'माल्यवान', आणि बनलताबाईंना शेवटी भेटा.