घरशाळेतले अरण्यकांड

डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की आमच्या घरी वाल्मीकिरामायणातील अरण्यकांडाचा सोळावा सर्ग वाचायला निघतो. पंचवटीत हेमंत ऋतू आलेला आहे, पहाटेच्या वेळी राम गोदावरीवर स्नानाला निघाला आहे, मागून सीता आणि हातात कलश घेतलेला लक्ष्मण चालले आहेत, आणि चालता चालता लक्ष्मण थंडीचे वर्णन करतो आहे, एवढाच या सर्गाचा विषय. युद्ध नाही, राक्षस नाही, शाप नाही. रामायणाच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून हा सर्ग बहुधा सर्वांत आधी गळतो. नाशिकच्या मुलांना रामायण शिकवायचे असेल तर याच सर्गापासून सुरुवात करावी, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. थोरली बारा वर्षांची आहे, धाकटा नऊ वर्षांचा. पुढे दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून द्यायची असे ठरलेले असल्यामुळे गणित आणि विज्ञानाची वाट बरीचशी आखलेली मिळाली. प्राचीन साहित्याची वाट मात्र माझी मलाच आखावी लागली, आणि पहिली दोन वर्षे मी ती चुकीची आखली. दर आठवड्याला एक गोष्ट सांगायची, मुलांनी ती वहीत लिहायची आणि खाली तात्पर्य लिहायचे, असा तो क्रम होता. एके दिवशी मी मारीचाची गोष्ट सांगत होते. सोन्याचे हरीण झाडाआड दिसते न दिसते तोच धाकट्याने विचारले, "आई, तात्पर्य लिहून टाकू का?" मी वही पाहिली. 'मोहात पडू नये' हे वाक्य त्याने आधीच लिहून ठेवले होते. राम अजून हरणाच्या मागे गेलाही नव्हता. त्या दिवशी तात्पर्याची वही बंद केली ती कायमची, कारण दोन वर्षांत मी या मुलाला रामायण ऐकायला नव्हे, तर ते लवकर संपवायला शिकवले होते, हे त्या एका ओळीतून मला लख्ख दिसले.

आता आम्ही मूळ ग्रंथ वाचतो. श्लोक आधी मोठ्याने म्हणायचा, मग पदे सोडवायची, थोरलीने कोशात शब्द शोधायचे आणि शेवटी तिघांनी मिळून मराठी अर्थ लावायचा. शनिवारी घरशाळेतलीच आणखी तीन-चार मुले येतात. एका सर्गाला कधी तीन आठवडे लागतात, कधी पाच. मुलांना संस्कृत येत नसताना हा खटाटोप कशाला, असे मला पुष्कळदा विचारले जाते. त्याचे माझे उत्तर म्हणजे सोळाव्या सर्गातली एक ओळ.

'निःश्वासान्ध इवादर्शश्चन्द्रमा न प्रकाशते।' निःश्वासाने आंधळ्या झालेल्या आरशासारखा चंद्र प्रकाशत नाही. ही ओळ वाचली तेव्हा धाकटा उठून न्हाणीघरात गेला आणि तिथल्या आरशावर तोंड उघडून त्याने हाऽऽ केले. काच धुरकटली. त्याने ती बोटाने पुसली, पुन्हा श्वास सोडला, आणि मग बाकीच्या मुलांनाही त्यासाठी रांग लावावी लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही गच्चीवर गेलो. धुक्यात चंद्र होता, पण त्याचा प्रकाश पडत नव्हता. थोरली म्हणाली, "आरसा आंधळा झाला म्हणजे आपण दिसत नाही असं नाही गं, त्याला आपण दिसत नाही." हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. 'धुक्यामुळे चंद्र अंधूक दिसत होता' असे मी सुलभ मराठीत सांगितले असते, तर आरसा गेला असता, त्याचे आंधळेपण गेले असते आणि मुलीचे ते वाक्यही गेले असते.

याच सर्गात दाण्यांनी भरलेल्या साळीच्या लोंब्या खजुरीच्या फुलोऱ्यासारख्या वाकलेल्या आहेत. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे भाताची शेते पाहिलेल्या मुलांना ते समजावून सांगावे लागत नाही. तहानेने व्याकूळ झालेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो आणि गारठा लागताच ती मागे घेतो. पाणपक्षी काठाशीच बसून राहतात, भित्र्या माणसाने रणात पाऊल टाकू नये तसे पाण्यात उतरत नाहीत. या शेवटच्या उपमेवर धाकट्याने हरकत घेतली. आम्ही नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आलो होतो आणि तिथली बदके भर थंडीत पाण्यातच होती. "वाल्मीकींनी बदकं पाहिली नव्हती का?" हा प्रश्न मी मिटवला नाही. जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी उजाडायच्या आत पोहोचलो, आणि तेव्हा काठच्या चिखलात पंख फुगवून एका पायावर उभे असलेले कितीतरी पक्षी दिसले. बदके तेव्हाही पाण्यातच होती. मुलाने वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या.

सर्गाच्या शेवटी लक्ष्मणाला भरताची आठवण होते. अशाच गारठ्यात तो जमिनीवर निजत असेल आणि पहाटे शरयूत उतरत असेल, असे म्हणता म्हणता लक्ष्मण कैकेयीला बोल लावतो. राम त्याला लगेच थांबवतो: मधल्या आईची निंदा करू नकोस, भरताचीच गोष्ट सांग. मुलांनी यावर काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही.

आमचे घर इंदिरानगरला आहे, त्यामुळे त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी हाकेच्या अंतरावर. महाभारत सुरू केले तेव्हा धाकट्याचा पहिला हट्ट होता, की भीम कुठे झोपायचा ती खोली दाखव. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, पांडवांचे नाव लोकांनी मागाहून दिले, हे मी त्याला पायऱ्या चढतानाच सांगितले. तो इतका खट्टू झाला की वर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो. तिथल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. नातू, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीने हे लेणे दान दिले, त्याचा तो लेख, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात ती आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण सांगते. ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली आहेत असा तो, आणि पुढे, राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तुल्य पराक्रमाचा.

मी लेखाचे लिप्यंतर उतरवून नेले होते. 'भीमसेन' ही अक्षरे ओळीत कुठे येतात ते दोन्ही मुलांनी कागदावर बोट ठेवून शोधले, मग ब्राह्मीचा तक्ता धरून, भिंतीला हात न लावता, दगडावर शोधायला लागली. ऊन तिरपे झाल्यावर थोरलीला ते सापडले. धाकटा बराच वेळ मान वर करून पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे भीम आहेच की इथं." त्याचे म्हणणे अगदी खरे होते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मुलगा गमावलेल्या एका राणीने त्याचे मोठेपण सांगताना भीमसेनाचे नाव घेतले, याचा अर्थ ही कथा तेव्हाही लोकांच्या ओठांवर होती. पांडव इथे राहिले होते की नाही, या वादापेक्षा हे कळणे मला कितीतरी मोलाचे वाटते. पुराणकथा 'खरी की खोटी' याच एका तराजूत तोलायची सवय मुलांना फार लवकर लागते, आणि एकदा लागली की वाचन जागच्या जागी थांबते.

सातवाहनांवरून ओघाने हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या प्राकृत गाथासंग्रहाकडे आलो. त्यातल्या बहुतेक गाथा मोठ्यांच्या आहेत, त्या मी बाजूला ठेवल्या. एक मात्र आम्ही सर्वांनी पाठ केली: प्रवासाला गेलेल्याची बायको छपरातून गळणारे पाणी स्वतःच्या डोक्यावर घेऊन मुलाला वाचवते आहे, पण आपल्या आसवांनी तो भिजतो आहे हे तिच्या लक्षात येत नाही. त्यातल्या भिजण्याच्या शब्दात 'ओल्ल' आहे, म्हणजे आपले 'ओले'. आजी दोरीवरच्या कपड्यांना जो शब्द वापरते तो इतका जुना आहे, याचे मुलांना फार अप्रूप वाटले.

सोळाव्या सर्गानंतर लगेच शूर्पणखा येते, आणि इथे कुठलीही सोय नाही. नासिका कापली म्हणून नासिक, हे मुलांनी लहानपणापासून ऐकलेले. नऊ शिखरांवरून नाव आल्याचीही एक व्युत्पत्ती सांगतात, आणि पांडवलेण्यातल्या चैत्यगृहाच्या लेखात 'नासिक' हे नाव येतेच, तेव्हा नाव किमान तितके जुने आहे. पण थोरलीला व्युत्पत्ती नको होती. तिला अठराव्या सर्गाने अस्वस्थ केले होते. त्यात राम शूर्पणखेला थट्टेने लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण अविवाहित आहे असे सांगतो, लक्ष्मण तिला परत रामाकडे पाठवतो, आणि ती चिडून सीतेवर धावून गेल्यावर राम म्हणतो, की क्रूर, अनार्य लोकांशी थट्टा करू नये. मग तिचे नाक-कान कापले जातात. "थट्टा करू नये हे त्याला आधी का नाही सुचलं?" असे तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. हा प्रश्न तिने रामायणाबाहेरून आणलेला नाही. वाल्मीकींनी ते वाक्य रामाच्याच तोंडी घातले आहे, म्हणून तो तिला विचारता आला. पाहुण्यांपैकी एका पालकांना हे रुचले नाही. त्यांची श्रद्धा मी जाणते, माझीही आहे. पण मुलीला मी गप्प बसवले नाही.

त्याच महिन्यात आम्ही काळाराम मंदिरात गेलो. सरदार ओढेकरांनी बांधवलेले ते काळ्या दगडाचे देऊळ, आतली मूर्ती, सगळे पाहून झाल्यावर दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी इथे सुरू झालेल्या सत्याग्रहाविषयी सांगितले. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे रामाच्या दाराशी उभी राहिली आणि दार उघडले नाही, वर्षानुवर्षे उघडले नाही. नाशिकमध्ये रामकथा शिकवताना हे वगळता येत नाही.

एकोणिसावा सर्ग मी जरा भीत भीतच उघडला होता. रक्ताने माखलेली शूर्पणखा भावाकडे, खराकडे जाते. तुझी ही दशा कोणी केली, असे तो विचारतो. तिचे उत्तर सुरू झाले आणि मी वाचू लागले, 'तरुणौ रूपसम्पन्नौ सुकुमारौ महाबलौ', तोच धाकट्याने पुढची ओळ माझ्याआधी म्हटली: 'पुण्डरीकविशालाक्षौ चीरकृष्णाजिनाम्बरौ.' रोज दिवेलागणीला आजीसोबत तो रामरक्षा म्हणतो, त्यातलेच हे शब्द. सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली. थोरलीने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतले, श्लोकाच्या आधी कोण बोलते आहे ते दोनदा तपासले, आणि म्हणाली, "हे ती म्हणते आहे. नाक कापल्यावर."

त्या संध्याकाळी देवापुढे रामरक्षा सुरू झाली. त्या ओळीशी आल्यावर दोन्ही मुलांचा आवाज आपोआप खाली आला. आजीने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले आणि तिने एकटीने ती ओळ पुरी केली.