श्रीमंत झालो, पण एकाच वर्षापुरते

जुलै २०२०. मॉरिशसचा विमानतळ मार्चपासून बंद, आमची कचेरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि बातमी आली की जागतिक बँकेने या देशाला 'उच्च उत्पन्न' गटात घातलं. दरडोई उत्पन्न १२,७४० डॉलर! आकडा अर्थातच २०१९ चा होता. पुण्याहून बाबांचा फोन: "अरे, म्हणजे तू आता श्रीमंत देशात राहतोस?" मी खिडकीतून पाहिलं. एरवी समोरच्या हॉटेलात बसणारा ट्रॅव्हल एजंट कोपऱ्यावर भाजी विकत होता.

पुढच्या जुलैला देश पुन्हा खालच्या गटात आला. बाबांनी त्याबद्दल फोन केला नाही.

मी इथे आलो तो गुंतवणूक फंडांचे हिशेब लिहायला, एबेनमधल्या काचेच्या इमारतीत. आपल्या शेअर बाजाराशी या बेटाचं नातं जुनं. १९८० च्या दशकात भारताशी करार झाला. त्यानुसार इथल्या कंपनीने भारतात शेअर विकून नफा कमावला तर त्यावर भारतात कर नाही, आणि इथे तर तो कर मुळातच नव्हता. त्यामुळे जगभरचा पैसा या ठिपक्याएवढ्या बेटावरून वळसा घेऊन मुंबईत यायचा. मग २०१६ मध्ये करार बदलला आणि एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांची ती सवलत गेली. आमच्या मजल्यावरची काही टेबलं त्यानंतर रिकामी झाली ती झालीच.

या देशाचा खरा इतिहास मला कळला तो शेजारच्या काकांकडून. पणजोबा कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आलेले. काकांचं मराठी क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, बुडवून काढलेलं. पण गणपतीची आरती आमच्यापेक्षा चोख, आणि चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते हे ते दर वर्षी मला नव्याने सांगतात. ते साखर कारखान्यात होते. काकू 'झोन'मध्ये स्वेटर शिवायच्या. झोन म्हणजे १९७० च्या कायद्याने निघालेले निर्यातीचे कारखाने.

त्याआधी, १९६१ मध्ये, जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की या बेटाचं भवितव्य फारसं बरं दिसत नाही: माणसं वाढताहेत आणि पीक एकच, ऊस. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण मॉरिशसने त्यांना खोटं ठरवलं. युरोपने साखरेला चढा भाव बांधून दिला, त्या पैशातून कापड गिरण्या आणि हॉटेलं उभी राहिली, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. नशीब म्हणा, पण आलेला पैसा उडवला नाही हे मात्र या लोकांचं कर्तृत्व. मग श्रीमंत देशांनी कापडाच्या आयातीवर घातलेला कोटा २००५ ला संपला आणि इथल्या गिरण्यांचा आडोसा गेला, युरोपने बांधलेला साखरेचा भावही पाठोपाठ ३६ टक्क्यांनी उतरवला गेला. एके काळी वीसेक साखर कारखाने होते, आता तीन. काकांचाही बंद पडला.

हिशेबनीस म्हणून मला एक खटकतं. उत्पन्न किती हे सगळे सांगतात, पण गाठीशी काय उरलं हे कोणी विचारत नाही. त्याच २०२० च्या जुलैअखेर 'वाकाशिओ' जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल खाडीत गेलं. लोक सरकारची वाट न बघता उसाचं पाचट पोत्यांत भरून, शिवून, पाण्यावर तरंगते बांध घालत होते. काकूंनी तर झोनमधला हात पुन्हा चालवला. ती निळी खाडी दर वर्षी लाखो पर्यटक आणते, पण देशाच्या उत्पन्नात ती कुठे दिसते? उलट सफाईचा खर्चच तिथे जमेला धरला जातो.

आता नवं पीक म्हणजे जमीन. परदेशी माणसाने ३,७५,००० डॉलरचा बंगला घेतला की राहायचा परवाना मिळतो. काकांच्या तोंडात 'मोर्सेलमां' असा शब्द असतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मळेवाल्यांनी उसाची जमीन तुकडे करून गिरमिटियांना विकली, ते मोर्सेलमां. काकांचा दीड एकर त्यातलाच. आज त्याच शब्दाचा अर्थ प्लॉट पाडलेली वसाहत.

त्यांचा मुलगा कॅनडात, मुलगी फ्रान्समध्ये. शेजारचं शेत गेल्या वर्षी विकलं गेलं. उसाच्या शेतांत इथे काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात. ज्वालामुखीचे दगड वेचून गिरमिटियांनी हातांनी रचलेले. परवा काकांबरोबर तिथून जाताना पाहिलं, ढीग नव्हता, बंगल्यांना दगडी कुंपण होतं. काका थांबले, एका दगडावर हात ठेवला, आणि म्हणाले, "चल, दालपुरी खाऊ. आज पैसे तू दे."