तुम्ही विचारलंत म्हणून: घर कधी पाडताय?

फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या अमळनेरला 97वं साहित्य संमेलन झालं तेव्हा घरी उतरलेल्या पाहुण्यांनी विचारलं, लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, आणि पलीकडच्या आजी तर दर उन्हाळ्यात विचारतात, "भाऊ, हाई घर कव्हय पाडशात?" म्हणून सांगतो.

बाहेरगावचे लोक 1916 चं तत्त्वज्ञान मंदिर बघतात, साने गुरुजी शिकवायचे ती शाळा बघतात, फोटो काढतात, चांगलंच आहे. पण दगडी दरवाज्यातून आत गल्लीत कोणी फारसं शिरत नाही आणि मला वाटतं खरं अमळनेर तिथेच आहे. सगळी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं, एकाला एक लागून, दोन घरांत भिंत एकच. वर सागाचे सरे, म्हणजे आडव्या तुळया, त्यावर फळ्या, पाला, मग हातभर माती आणि सगळ्यात वर खारी माती, ती भिजली की अशी दबून बसते की पाणी खाली येत नाही, आणि मे महिन्यात बाहेर 44-45 डिग्री असताना आत दुपारी झोप लागते. आई बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला आमच्या धाब्यावर सुरुवात करायची आणि तीन घरं पलीकडे संपवायची, मध्ये कठडा नव्हताच.

सहा वर्षांपूर्वी एका बाजूच्या शेजाऱ्यांनी पाडलं. त्यांना मी दोष देत नाही, पोरं मोठी झाली, जागा पुरेना. पण सकाळी जेसीबी लागला आणि दुपारपर्यंत आमच्या देवघराच्या भिंतीला वरपासून कोनाड्यापर्यंत तडा गेला, बोट जाईल एवढा. त्यांचे सरे त्या सामाईक भिंतीत वीतभर आत होते, ते ओढले तशी भिंत हलली. वडील कोनाड्यातले देव हातात घेऊन ओट्यावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

आता दुसऱ्या बाजूला आजींचं घर आहे, तिथेही भिंत एकच. आमचं पाडलं तर तडा त्यांच्याकडे जाणार, आणि त्या एकट्या राहतात. त्या विचारतात ना कव्हय पाडशात, ते भीतीने विचारतात, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा पावसाआधी खारी आणली, अर्धी ट्रॉली त्यांच्या धाब्यावर टाकून घेतली.