वाशिष्ठीकाठचं घर सोडलं

आज चिपळूणच्या बाजारपेठेतलं घर रिकामं करून आम्ही दोघं रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आलो. २६ जुलै २००५ च्या पुराचा चिखल उपसायला अंगात बळ होतं. २२ जुलै २०२१ ला मात्र माळ्यावर बसून खाली संसार तरंगताना पाहिला. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की ह्यांचा डोळा लागत नसे, भरतीच्या वेळा बघत बसायचे. भरतीला वाशिष्ठीचं पाणी ओसरत नाही ना!

शिसवी पलंग नणंदेकडे गेला. सासूबाईंचा देव्हारा फ्रिजशेजारी मावला. मला फार बरं वाटलं.

निघताना शेजारच्या वहिनी रडल्या. त्या तिथेच आहेत, जीव त्यांच्यात अडकलाय. जोराचा पाऊस लागला की सरळ इकडे निघून या, असं बजावून आले.