चार आणि आठ

"काकू, लीड मी करायचंय ना?"

साल्सा या जोडीने करायच्या नाचाच्या पहिल्याच क्लासला समोरचा पंचविशीतला मुलगा चाचरत म्हणाला. मी त्याला अक्षरशः फरफटत नेत होते.

मोजणी सोपी. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठला पाऊल टाकायचं नाही, थांबायचं. तेवढंच जमेना! चार आला की माझा पाय आपोआप पुढे. त्याच्या पांढऱ्या बुटावर माझ्या टाचेचा काळा ठसा उमटला. थोड्या वेळाने जोडीदार बदलतात, म्हणून बिचारा सुटला.

घरी, ऑफिसात तरी वेगळं काय? समोरचा हलायच्या आत मी निघालेली असते.

रात्री कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीआधीच गॅस बंद केला. डाळ कच्ची.

तुम्हाला येतं का हो, नुसतं थांबायला?