काजूचा चीक की नागीण?

माझा दवाखाना गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. काजूच्या हंगामात ओल्या बिया सोलताना चीक लागून कातडी भाजलेली माणसे तेथे नेहमीच येतात, आणि त्यामुळे त्या दिवसांत माझी नजर आधी रुग्णाच्या बोटांकडे जाते.

एप्रिलमधल्या एका दुपारी साठी ओलांडलेल्या एक बाई सुनेबरोबर आल्या. उजव्या कपाळावर व पापणीवर फोड होते, त्यांवर गेरूचा लेप होता आणि बोटांवर चिकाचे काळपट डाग होते. शेजारणीने नागीण ठरवून गेरू लावला होता. चिकाचा हात कपाळाला लागला असणार, असे सुनेचे म्हणणे होते. मला सुनेचे पटले. स्टेरॉइडचे मलम लिहायला घेता घेता मी विचारले, "मावशी, खाज आहे की ठणका?"

"खाज कसली, डॉक्टर! फोड काल आले, पण कपाळ त्याच्या दोन दिवस आधीपासून ठणकतंय. केस विंचरवत नाहीत."

माझा हात थांबला. चिकाने आधी कातडी बिघडते, आग व खाज त्या जागीच होते. कातडी निकोप असताना दोन दिवस ठणका लागणे हे मज्जातंतूचे दुखणे असते. गेरू भिजवून हलकेच उतरवला, तेव्हा लालसर कातडीवर पाणीदार फोडांचे घोस दिसले आणि ते कपाळाच्या मध्यावर रेघ आखल्यासारखे थांबले होते. चीक असा मध्य पाहून थांबत नाही. हात फिरेल तिथे तो लागतो. शेजारणीचे निदान खरे होते, उपचार तेवढा चुकला होता.

मी नागिणीचे वैद्यकीय नाव 'हर्पिस झोस्टर' घेताच सून दचकली. जननेंद्रियांवर येणारे हर्पिस वेगळ्या विषाणूमुळे होते, हा पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा अंगात दडून राहिलेला विषाणू आहे, हे समजावण्यात थोडा वेळ गेला.

खरी काळजी नाकाच्या शेंड्यावरच्या एका लहानशा फोडाची होती, कारण तेथे जाणाऱ्या मज्जातंतूचीच शाखा बुबुळाकडे जाते. फोड येऊन ७२ तास उलटले नव्हते, म्हणजे औषधाची वेळ गेली नव्हती. मूत्रपिंडाचा विकार नसल्याची विचारपूस करून असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवसांसाठी सुरू केले आणि त्याच संध्याकाळी त्यांना बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेत्रविभागात पाठवले. डोळा लाल होता, बुबुळ मात्र वाचले.

आठवड्याने त्या आल्या तेव्हा फोडांवर खपल्या धरल्या होत्या. बोटांवरचे काजूचे डाग अजून तसेच होते.